भादीच्या बियाचे पैसे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या पुढे मला कोणी शिकवलं नाही, त्यासाठी आधीच माफी मागते. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि माझ्याशिवाय ती कोणी वाचणार नाही, तरी मागते. शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय आहे.

माझं माहेर रावेरकडच्या डोंगरात. तिथे आम्हाला पावरा म्हणतात आणि शाळा मराठी होती. लग्न होऊन डोंगराच्या या अंगाला, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आले, तेव्हा कळलं की इथे आम्हाला बारेला म्हणतात आणि कागदपत्रं सगळी हिंदीत. डोंगर एक, माणसं एक, देव एक. माझी चौथी तेवढी पलीकडे राहिली. सासू आमच्या बोलीतच बोलते, तिचं बोलणं मी इथे मराठी करून लिहिते आहे.

चारचौघांत मला बोलता येत नाही. कोणी काही विचारलं की मान खाली जाते आणि पायाचा अंगठा माती उकरायला लागतो. आमच्या दारासमोर एक खड्डा आहे, तो पाहुण्यांनी पाडला असं नवरा म्हणतो. लिहिताना तसं होत नाही, म्हणून मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते लिहून ठेवते.

आमच्या घरी भादी आहे. भादी म्हणजे भगरीसारखं बारीक धान्य. पेरलं की दोन महिन्यांत तयार. मका आणि ज्वारी अजून हिरवी असते, घरातलं जुनं धान्य संपलेलं असतं, त्या दिवसांत भादी पोट भरते. पूर्वी सगळ्या वस्त्यांवर होती. आता लोकांनी कपाशी धरली, मका धरला, अर्धे लोक शाहपूरकडे केळीचे घड कापायला जातात, माझा नवरासुद्धा जातो, आणि ते दिवस रेशनच्या तांदळावर निघतात. भादीचं बी आता फक्त माझ्या सासूकडे उरलं आहे. बांबूची शेणाने लिंपलेली कणगी, आत राखेत कालवलेलं बी, वर कडुनिंबाचा पाला.

त्यातही एक अडचण होती. त्याच्या आदल्या पावसाळ्यात पीक दाण्यावर आलं आणि रानडुकरांनी सगळं लोळवून टाकलं. म्हणजे कणगीत होतं ते त्याच्या आधीच्या वर्षाचं बी. सासू म्हणते, भादीचं बी दोन पावसाळे वाट बघतं, तिसऱ्याची बघत नाही. त्या जूनमध्ये पेरलं तर भादी राहणार, नाही पेरलं तर आमच्या डोंगरातून गेली. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की भाकरी थापतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच चाले.

आणि आमच्यात बी विकत नाहीत. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, सूप भरून द्यायचं. पिकलं की तो सवाई आणून देतो, चार मापं नेली तर पाच. त्याचं पीक बुडालं तर पुढच्या वर्षी. पण त्यावर पैसे घेतले तर बी घरातून गेलं असं धरतात. नेलेलं तर गेलंच, कणगीत उरलेलंही गेलं, कारण बी एकच आहे. गेलेलं बी शेतात घालत नाहीत. त्याचं पीक देवापुढे ठेवता येत नाही, आणि देवापुढे ठेवल्याशिवाय नवं धान्य आम्ही तोंडात घालत नाही.

चैत्रात पांढऱ्या गाडीतून एक मॅडम आल्या. बुऱ्हाणपूरच्या एका संस्थेच्या. जुनं बी गोळा करून त्याची बँक करायची, असं त्यांचं काम. मॅडम फार गोड बोलत. सासू म्हातारी आहे, तिला दिसतं कमी, म्हणून त्यांनी मला वस्तीच्या बीज गटाची अध्यक्ष केलं. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत फोटो निघाला होता.

मग फॉर्म. मॅडमनी विचारलं, "दीदी, आपके खेत में फसल कौनसी?"

मी खाली बघून मोजायला लागले. ज्वारी, मका, भादी, चवळी, तूर, उडीद, अंबाडी, तीळ, काकडी, वाल, राजगिरा. आमच्याकडे हे सगळं एकाच शेतात मिसळून पेरतात. एक बुडालं तर दुसरं हात देतं.

"नहीं नहीं, एक बताइए. एकच लिहायला जागा आहे."

सासू म्हणाली, "मग तिला सांग, शेतातून दहा पिकं उपटू का?"

मी ते सांगितलं नाही. मॅडमनी शेवटी 'इतर' असं लिहिलं. त्या कागदाप्रमाणे आमच्या शेतात अजूनही इतर पिकतं.

त्या दोन सुपं भादी घेऊन गेल्या. मागायला आल्या, सासूने दिली. म्हणाली, "नेऊ दे. पेरतील, पिकवतील, सवाई आणतील." मी दाखवलं तिथे सही केली.

पंधरा दिवसांनी संस्थेचे लोक पुन्हा आले, या वेळी पडदा आणि मशीन घेऊन. बी कसं साठवावं याचं प्रशिक्षण. पडद्यावर आमचीच कणगी दिसली, शेजारी सासूचा अर्धा पदर. एक माणूस काठीने दाखवत सांगत होता की राख घातल्याने किडा लागत नाही. सासू पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, "याला हे कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

"मग मला कशाला सांगतो आहे?"

तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते तिने कणगीवर झाकण म्हणून ठेवलं. बरोबर बसलं.

त्यानंतर नवऱ्याच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. माझ्या खात्यात पंधराशे रुपये. नवरा म्हणाला, चांगलं झालं. मी म्हटलं, कसले? त्याने संस्थेत फोन लावला. तिकडून सांगितलं, बीज खरेदीचे.

सासू अंगणात अंबाडी निवडत होती. तिने हात थांबवला.

"कसले पैसे?"

"भादीचे."

"भादी मी दिली होती."

"त्यांच्या कागदावर विकत घेतली आहे."

"किती आले?"

"पंधराशे."

ती उठली, कणगीजवळ गेली आणि तिला हात न लावता परत आली. "म्हणजे घरात आता बी नाही," ती म्हणाली. दोन सुपं गेली तरी कणगी भरलेलीच होती. "जा, पैसे देऊन ये. पैसे गेले की बी परत आपलं. रुपाया राहिला तरी पेरणार नाही मी."

नवरा म्हणाला, "आई, त्यात एवढं काय?"

"तू केळीवाल्यांत राहून राहून केळ्यासारखा झालास. त्यालाही बी नसतं."

पंधराशे रुपये काढून मी बसने बुऱ्हाणपूरला गेले. संस्थेचं ऑफिस लोधीपुऱ्यात, जिना चढून वर. रस्ताभर मी एकच वाक्य पाठ केलं होतं, 'हे पैसे परत घ्या.' वर पोचले तर दारात बायकांची गर्दी. त्या आत जात होत्या, त्यांच्या रेट्यात मीही आत गेले. कोणीतरी रजिस्टर पुढे केलं, मी सही केली. माझ्या अंगात सही करण्याचं भय उरलं नव्हतं.

ती बैठक होती. आपलं अन्न आपल्या हातात राहिलं पाहिजे, यावर. मोठ्या पडद्यावर फुलाचं चित्र, बाजूला पंखा. प्रत्येकीच्या हातात माईक देऊन ओळख करून द्यायला लावत होते. माझ्यापर्यंत माईक आला, मी उभी राहिले आणि पाठ केलेलं वाक्य गेलं. खाली फरशी होती, अंगठ्याला उकरायला मातीसुद्धा नव्हती. बराच वेळ मी माईकमध्ये नुसता श्वास घेतला. तो सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

शेवटी मॅडम पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देखिए, यह मौन भी एक ज्ञान है."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर जेवायला पनीर, नान आणि मावा जिलेबी होती. आपल्या अन्नाविषयी बोलून सगळ्यांना भूक लागली होती. मी पैसे ओच्यात बांधून तशीच परत आले. दोन दिवसांनी खात्यात आणखी दीडशे आले, बैठकीला आल्याबद्दल.

सासू म्हणाली, "गेलीस द्यायला, आलीस घेऊन."

"ते दीडशे भादीचे नाहीत. बसल्याचे आहेत."

"बसायला तुला का बोलावलं? भादीमुळे. तेही परत."

दुसऱ्या खेपेला मी बैठक नाही असा दिवस विचारून गेले. ऑफिसात फक्त हिशेबाचे बाबू होते. बुऱ्हाणपूरचेच, चष्मा कपाळावर चढवून बसणारे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. एकटा माणूस असला तर मला थोडं बोलता येतं. मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि वाक्य म्हटलं.

बाबूंनी नोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काही चूक झाली का? कमी आले?"

"जास्त आले. बी विकायचं नव्हतं."

"मग बी परत पाहिजे?"

"बी राहू द्या. पैसे घ्या."

त्यांनी चष्मा खाली ओढला. "ताई, सोळा वर्षं मी इथे आहे. पैसे द्यायचे बारा फॉर्म आहेत. घ्यायचा एकही नाही. कोणी आणतच नाही ना."

"मग दान म्हणून घ्या."

"दानाला पॅन कार्ड लागतं. आहे?"

नव्हतं. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी कपाट उघडलं, तीन फायली पाहिल्या, आणि एक पावतीपुस्तक काढलं. "लोकसहभाग. गावाने आपला वाटा भरायचा. यात घेता येतील." माझे सोळाशे पन्नास रुपये त्यांनी लोकसहभागात जमा केले. मी जिना उतरताना मोकळी होते. घरी येऊन सासूला पावती दिली. तिने ती उलटी धरून पाहिली आणि म्हणाली, "बरं." त्या दिवशी तिने बैलांना गूळ दिला.

आठवड्याने मेसेज आला. तीन हजार तीनशे रुपये.

नवऱ्याने ऑफिसात फोन केला. बाबू म्हणाले, "अरे भाई, ती स्कीमच आहे. गावाने जितकं भरलं तितकंच संस्था वर टाकते, आणि दोन्ही मिळून गटाच्या अध्यक्षाला जातं. आपकी पत्नी अध्यक्ष आहे. बधाई हो."

नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "अजून दोनदा परत कर. मोटारसायकल घेऊ."

मला हसू आलं, मग सासूकडे पाहिलं आणि गेलं. ती ओसरीवर बसली होती, हातात रिकामं सूप. शेत नांगरून तयार होतं. खालच्या वस्तीवर पेरण्या सुरू झाल्या होत्या, बैलांना हाकणाऱ्यांचे आवाज वर ऐकू येत होते. आमच्याकडे बाकीची दहा बियाणी कपड्यात बांधून रांगेत ठेवलेली होती, पण आमच्यात पहिली मूठ भादीची पडते, मग बाकीचं. सगळं भादीसाठी अडलं होतं.

"आई, भादी सोडून बाकीचं पेरू या," मी म्हटलं.

ती म्हणाली, "माझी सासू मेली तेव्हा मी घरात नवी होते. तिने मला कणगी दाखवली, दुसरं काही दाखवलं नाही. दागिने कुठे ठेवले होते ते आजपर्यंत सापडले नाहीत." आणि मग, "आणखी चार दिवस ओल राहील. पाच नाही."

रात्रभर मी तीच रक्कम मनात उलटसुलट करत राहिले. सकाळी पहिल्या बसने निघाले. तीन हजार तीनशे ओच्यात. निघताना सासूने नवऱ्याला कामावर जाऊ दिलं नाही. "बैल जुंपून ठेव," तिने सांगितलं, "आणि फोन माझ्याजवळ दे."

बाबू मला पाहून हातच जोडायला लागले. "ताई, बसा. पाणी प्या. मागच्या खेपेला माझ्याकडून भलतंच झालं."

मी म्हटलं, "असं काही नाही का, ज्यात पैसे घेता आणि काही देत नाही?"

आयुष्यात मी अनोळखी माणसाला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. बाबू विचारात पडले. उठून खोलीभर फिरले. "आमच्या घरी केळी," ते मधेच म्हणाले, "दर वर्षी रोपं विकत. आम्हाला हा घोर माहीतच नाही." मग भिंतीजवळ थांबले. तिथे संस्थेचे नियम चिकटवलेले होते. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "मासिक बैठकीला विनाकारण गैरहजर राहणाऱ्या अध्यक्षास पन्नास रुपये दंड." आणि माझ्याकडे वळले. "दंड. दंडावर कोणी काही देत नाही."

"मग मी गैरहजर राहते."

"किती बैठकांना?"

"तीन हजार तीनशेच्या."

त्यांनी कॅल्क्युलेटर दाबला. "सहासष्ट. महिन्याला एक, म्हणजे साडेपाच वर्षं. ताई, हा प्रकल्प दोन वर्षांत संपतो आहे. तुम्ही प्रकल्प संपल्यावरही गैरहजर राहणार?"

"हो."

"कोणी बैठक घेतली नाही तरी?"

"तरी येणार नाही."

त्यांना ते पटलं. त्यांनी हजेरीचं जाड रजिस्टर काढलं आणि पट्टीने पुढच्या पानांवर रेघा मारायला लागले. "कारण काय लिहू?"

"शेतीची कामं असतात."

"अहो, हे तर कारण झालं. कारण असलं तर दंड नाही. विनाकारण पाहिजे."

"सासू म्हातारी आहे."

"तेही कारण."

"मला माणसांत बोलायला लाज वाटते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे सगळ्यात मोठं कारण आहे. हे कोणाला सांगू नका." आणि त्यांनी सगळ्या रांगांत एकाखाली एक 'कारण नाही' लिहिलं. मी प्रत्येक रांगेत सही करायची होती. पुढच्या वर्षीच्या आषाढात मी नसल्याची सही, त्याच्या पुढच्या पौषात नसल्याची सही. विसाव्या सहीला बाबूंचा फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"गेले का?" सासू. मागे वारा.

"वीस सह्या झाल्या."

"मला सह्या नको सांगू. बैल उन्हात उभे आहेत."

चाळीस झाल्यावर तिने पुन्हा केला. पंचावन्नला पुन्हा. बाबू म्हणाले, "फोन चालूच ठेवा ना, कितीदा उचलाल." मग त्यांनी फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला आणि त्यातून नवऱ्याचं बैलांशी बोलणं ऑफिसात ऐकू येत राहिलं. एक मुलगी दारातून डोकावून गेली, तिला वाटलं बैठक चालू आहे.

सहासष्टावी सही झाली. मी नोटा मोजून ठेवल्या. बाबूंनी त्या पेटीत टाकल्या, पावती फाडली आणि गल्ल्यातून पन्नासच्या तीन नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"हे काय?"

"प्रवासभत्ता. हजेरीबुकात सही केली की निघतो. सही कसली का असेना, दिवसाला एकदा द्यावाच लागतो. नाही दिला तर ऑडिटवाले मला धरतील."

फोनमधून सासूचा आवाज आला, "काय देतो आहे तो?"

मी त्या तीन नोटांकडे पाहिलं. मग त्या उचलून पेटीत ठेवल्या आणि रजिस्टर माझ्याकडे ओढलं. बाबूंनी आणखी तीन रेघा मारल्या. मी सदुसष्ट, अडुसष्ट आणि एकोणसत्तराव्या बैठकीला विनाकारण गैरहजर राहिले.

त्यांनी दुसरी पावती लिहिली, दोन्हींची बेरीज खाली मांडली, मोठ्याने वाचली, "तीन हजार चारशे पन्नास, पूर्ण जमा, बाकी काही नाही," आणि शिक्का मारला.

"गेले?" सासूने विचारलं.

"गेले सगळे."

तिने फोन बंद केला नाही. तशीच फोन धरून ती नवऱ्याला म्हणाली, "हाक."